नाताळ : पाहणारा आणि पाहुणा

नाशिकच्या डिसेंबरातल्या थंडीत, मफलर गुंडाळून, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरचं व्याख्यान ऐकायला तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार. विषय मात्र साधा घेतला आहे. नाताळाच्या दिवसांत लहान गावाला भेट देणं म्हणजे नेमकं काय करणं?

लहान गाव म्हणजे कोणतं, असं कुणी विचारेल. आपलं नाशिक रोडच घ्या. १९८२ साली महानगरपालिका झाली आणि आपण कागदोपत्री नाशिक शहराचा एक विभाग झालो. पण आजही आपण काय म्हणतो? 'जरा नाशिकला जाऊन येतो.' म्हणजे मनात हे वेगळं गावच आहे. आणि हे गाव बाहेरून आलेल्यांनीच वसवलेलं आहे, बरं का. रेल्वे आली, शेजारी देवळालीची छावणी होतीच, मग १९२५ साली सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली नोटांचा प्रेस. नोकरीच्या निमित्तानं माणसं आली आणि राहिली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबंही होती. त्यामुळे इथे नाताळ परका नाही. बाळ येशूच्या तीर्थस्थानाला आपण सगळेच जाऊन आलेलो आहोत. फेब्रुवारीतली तिथली यात्रा तर सर्वधर्मीयांची असते.

मग प्रश्न काय उरला? प्रश्न असा, की आपण जातो ते कोण म्हणून जातो?

मराठीत दोन शब्द आहेत. पाहणारा आणि पाहुणा. कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण कूळ वेगळं आहे. 'पाहुणा' हा संस्कृत 'प्राघुण' या शब्दावरून आला. त्याचा पाहण्याशी संबंध नाही. पाहणारा येतो, रोषणाई बघतो, गोठ्याच्या देखाव्यासमोर फोटो काढतो आणि जातो. त्यात वाईट काही नाही. पण त्याच्या येण्यानं कुणाच्या घरात एक कप चहा जास्त होत नाही. पाहुण्याच्या येण्यानं होतो. पाहुणा यजमानाला थोडी तोशीस देतो आणि स्वतःही थोडा बांधला जातो.

आता नाताळाची मूळ कथा बघा. तीच मुळी लहान गावाला दिलेल्या भेटीची कथा आहे. लूकच्या शुभवर्तमानात खानेसुमारीसाठी योसेफ आणि गरोदर मरिया नासरेथहून बेथलेहेमला येतात. तिथे जागा मिळत नाही, आणि बाळाला गव्हाणीत ठेवावं लागतं. आपल्या डोळ्यांसमोर लगेच एक सराई उभी राहते, आणि दार लावून घेणारा एक खडूस सराईवाला. पण शाळेतल्या नाटकांत हमखास असणारा हा सराईवाला मूळ ग्रंथात नाहीच! लूकनं तिथे वापरलेला ग्रीक शब्द आहे 'कटाल्युमा'. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही त्यानं हाच शब्द वापरला आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरीखुरी सराई येते, तिथे मात्र त्याचा शब्द वेगळा आहे, 'पांडोखेयॉन'. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, की ही सराई नव्हती, घरातली पाहुण्यांची खोली होती. ती भरलेली होती, म्हणून घराच्या ज्या भागात जनावरं बांधत, तिथे सोय झाली. आपल्याकडच्या जुन्या घरात ओटीवर माणसं आणि पलीकडे गोठा असायचा, तसंच काहीसं.

हे वाचन मान्य केलं, तर कथेचा अर्थ केवढा बदलतो बघा! पहिल्या वाचनात गावानं दार लावलं. दुसऱ्या वाचनात घर भरलेलं होतं, तरी कुणीतरी सरकून जागा केली. आदरातिथ्य म्हणजे रिकामी खोली असणं नव्हे, भरल्या घरात सरकून बसणं.

तत्त्वज्ञानात या प्रश्नाचा नेमका विचार इमॅन्युएल कान्टनं केला. १७९५ साली त्यानं शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो दोन हक्कांत फरक करतो. एक, भेट देण्याचा हक्क. तो प्रत्येक माणसाला आहे. कारण पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसं एकमेकांपासून कायम दूर पांगू शकत नाहीत. तेव्हा एकमेकांना सहन करणं भाग आहे. आलेल्या परक्याला केवळ परका म्हणून शत्रूसारखं वागवायचं नाही. दुसरा, पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क. हा मात्र आपोआप मिळत नाही, त्यासाठी यजमानाशी वेगळा करार हवा. आणि कान्ट लगेच बजावतो, की युरोपातल्या व्यापारी राष्ट्रांनी भेट देणं आणि जिंकणं यांत फरकच ठेवला नाही. तिथे तो हिंदुस्थानचं उदाहरण देतो.

आता आपल्याच नाशिकमध्ये शरणपूर आहे. नाव बघा, शरण आलेल्यांचं पूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीनं ही वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे इथे आणली जात. इथे ती शिकली, वाढली. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीलाही. नाशिकनं सांभाळलेला पोरगा कुठवर गेला! ज्या साम्राज्यावर कान्ट टीका करतो, त्याच्याच छायेत हे आश्रयस्थान उभं राहिलं. इतिहास असा सरळ नसतो.

पण कान्टचा भेटीचा हक्क हा किमान हक्क आहे. शत्रूसारखं वागवू नका, एवढंच तो मागतो. आपल्याकडे याच्या पुढची पायरी आहे, आणि ती कोणत्याही निबंधात नाही, ती स्वयंपाकघरात आहे. शेजारून आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही! दिवाळीत आपल्याकडून चकल्या, लाडू जायचे. नाताळात तिकडून करंज्या, शंकरपाळे, केक यायचा. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतही नाताळाला फराळच होतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

हे सहज घडलेलं नाही, मंडळी. जलालपूर या नाशिकजवळच्या गावात जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. नवऱ्यानं, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाचं अन्न खायचं, यावरून त्या बाईंच्या मनात जे युद्ध झालं, ते त्यांनी हसत-रडत सांगितलं आहे. तिथून शेजारच्या ताटापर्यंत यायला आपल्याला पिढ्या लागल्या.

आणि म्हणूनच अलीकडची एक गोष्ट मला टोचते. माझे एक शेजारी आहेत, प्रेसमधून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांच्याकडून नाताळाचं ताट येत होतं. परवा त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, यंदा फराळ पाठवू ना? नाही, कुणी काही वेगळं समजू नये." मी म्हटलं, "अहो, विचारता काय?" पण रात्रभर तो प्रश्न डोक्यात राहिला. फराळाच्या ताटात कुणाला हेतू दिसेल, अशी भीती यजमानाला वाटते, तेव्हा त्या गावाचं काहीतरी हरवायला लागलेलं असतं. बरं, हे होत असताना रोषणाई बघायला येणारी गर्दी मात्र वाढतेच आहे. पाहणारे वाढतात, पाहुणे कमी होतात. हे दोन्ही एकाच वेळी घडू शकतं, हा आजच्या व्याख्यानाचा मुद्दा आहे.

काही जण विचारतात, "सर, त्यांच्या सणाला गेलं म्हणजे त्यांची श्रद्धा मान्य केली असं होत नाही का?" नाही होत. तुम्ही लग्नाला जाता, तेव्हा त्या नवरा-नवरीशी संसार करायला जात नाही! श्रद्धा मान्य करणं वेगळं आणि माणूस मान्य करणं वेगळं. पाहुणा दुसरी गोष्ट करतो. मतभेद असलेल्या घरीही चहा पिता येतो. किंबहुना तिथेच तो पिण्याला काही अर्थ आहे.

तेव्हा पंचवीस तारखेला रोषणाई जरूर बघा. पण त्याआधी किंवा नंतर ओळखीच्या एका घरी जा. आधी फोन करा, निदान अर्धा तास बसा, समोर येईल ते खा. मधुमेह असेल तर निम्मी करंजी खा, पण खा. आणि दिवाळीचं त्यांचं एखादं ताट अजून तुमच्याकडे पडलं असेल, तर ते घेऊन जा. रिकामं नको.

आता प्रश्न असतील तर विचारा. मागच्या मंडळींनी जरा मोठ्यानं बोला, ऐकू कमी येतं.