शस्त्रक्रियेच्या हिशेबात न धरलेला खर्च

सोलापूर जिल्ह्यात एखाद्या स्त्रीचा पाय सुजलेला दिसला, की पाहणाऱ्याच्या तोंडी पहिला शब्द येतो तो हत्तीरोगाचा. ते अस्वाभाविक नाही. राज्यातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत सोलापूरची गणना झालेली आहे. परंतु प्रत्येक सुजलेल्या पायाला डासच कारणीभूत असतो असे नाही. गर्भाशयाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या काही स्त्रियांचे पाय काही महिन्यांनी, कधी वर्षांनी सुजू लागतात, आणि त्याचे मूळ त्या उपचारातच असते.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. ती सुजणारी गाठ म्हणजे लसिका ग्रंथी होय. अशा ग्रंथींच्या माळा ओटीपोटातही असतात. पेशींभोवती झिरपलेला द्रव गाळून रक्तात परत पोचविणे हे या यंत्रणेचे कार्य. कर्करोगही याच वाटेने पसरत असल्याने ग्रंथी काढून तपासल्या जातात. मात्र त्या काढल्या की द्रवाची वाट मोडते. काहींच्या ओटीपोटात द्रवाची पिशवी साचते. काहींचा पाय जड होतो, वहाण बसेनाशी होते. किरणोपचारही झाले असल्यास धोका वाढतो. काटा रुतल्याच्या निमित्तानेही जंतुसंसर्ग होऊन ताप भरतो, आणि अशा प्रत्येक तापागणिक सूज अधिक पक्की होत जाते.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचाही होतो. शस्त्रक्रिया हा एकदाचा खर्च. त्यासाठी सरकारी योजनेचा आधार मिळू शकतो. सूज हा आवर्ती खर्च आहे. दाब देणारे पट्टे व मोजे सैल पडले की पुन्हा घ्यावे लागतात. व्यायाम आणि त्वचेची निगा यांना रोज वेळ द्यावा लागतो. सोलापुरातील विडी कामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसणे हेच तिचे काम. पाय उंच ठेवून विसावा घ्यावा, हा सल्ला योग्य असला, तरी त्याची किंमत तिच्या मजुरीतून वळती होते. हा तोटा रुग्णालयाच्या कोणत्याही बिलात दिसत नाही.

म्हणून शस्त्रक्रिया टाळावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये; तिने प्राण वाचतात. मात्र ग्रंथी किती काढाव्यात, याचा विचार जगभर बदलत आहे. पसरलेल्या बीजांडकोशाच्या कर्करोगात वरकरणी निरोगी दिसणाऱ्या ग्रंथी सरसकट काढल्याने आयुष्य वाढत नाही, उलट गुंतागुंत वाढते, असे ६४७ स्त्रियांवरील अभ्यासातून २०१९ मध्ये दिसून आले. अन्य काही कर्करोगांत, रोग प्रथम ज्या ग्रंथीत पोचण्याचा संभव असतो, तेवढीच रंगद्रव्याने हुडकून तपासण्याची पद्धत रुळत आहे.

याहून मोठा उपाय सोलापूरकरांच्या दाराशीच आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे तेथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल व मुंबईचे टाटा मेमोरियल यांच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग कर्करोगपूर्व अवस्थेतच सापडला, तर ग्रंथी काढण्याची वेळच येत नाही.

ज्यांच्यावर ती वेळ येते, त्यांच्यासाठी करावयाचे काम फार खर्चाचे नाही. शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही पायांचा घेर साध्या फितीने मोजून नोंदवावा, पुढील प्रत्येक भेटीत तो पुन्हा मोजावा, आणि संभाव्य सुजेची कल्पना रुग्णेला तिच्या भाषेत, मग ती मराठी असो, तेलुगू असो वा कन्नड, आधीच द्यावी. सूज मऊ असतानाच पट्टा बांधला गेला, तर ती बऱ्याच अंशी आटोक्यात राहते. रोग बरा झाला हे यश खरेच. पण ती स्त्री पुन्हा आपल्या पायांवर कामाला जाऊ लागली की नाही, याचीही नोंद झाल्याखेरीज तो हिशेब पुरा होत नाही.