होडीसाठी ट्रेलर निवडताना

लहान मासेमारी होडीसाठी ट्रेलर घेताना पुष्कळ जण केवळ होडीची लांबी पाहतात. आमच्या मते आधी पाहावयाचा तो एकूण भार. होडी 150 किलो, इंजिन 50, इंधन, नांगर व जाळी मिळून 50. म्हणजे 250 किलो झाले. ट्रेलरची वहनक्षमता याहून निदान 50 किलो अधिक असावी. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा 5 ते 10 टक्के भाग मोटारीच्या हुकावर पडावा. तो कमी पडला तर ट्रेलर भर रस्त्यात झोकांड्या खातो आणि माणसांच्या जिवावर बेतते. अशा वेळी होडी किंचित पुढे सरकवावी. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडाच घ्यावा. धावून तापलेली चाके निवल्यावाचून पाण्यात उतरवू नयेत, नाहीतर बेअरिंगांत पाणी शिरते. चार पैसे वाचविण्यापायी घरचा कर्ता गमावण्याची पाळी कोणावरही न येवो.