समाजाचा अभ्यास कसा होतो? (लेखांक ६) : घर म्हणजे नेमकं किती माणसं?

मागच्या लेखात जनगणनेविषयी वाचलंत. प्रगणक ज्या दारात उभा राहतो ते दार जागेवर आहे, असं आपण तेव्हा धरून चाललो होतो. दारच पाण्याखाली गेलं असेल तर काय करायचं? यासाठी कोयनानगरला जावं लागेल.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणात पाणी अडू लागलं आणि शिवसागर जलाशय पार बामणोली-तापोळ्यापर्यंत पसरला. पाटण आणि जावळी तालुक्यांतली शंभराच्या आसपास गावं त्याच्या तडाख्यात सापडली. माणसं सांगली, सोलापूर, ठाणे अशी चहूकडे विखुरली. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी या धरणग्रस्तांची पाहणी केली. तिचा इंग्रजी अहवाल १९६९ मध्ये निघाला. विस्थापितांच्या आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या अभ्यासांत त्याची गणना होते.

अशा पाहणीत पहिली अडचण येते ती कुणाला मोजायचं याची. सरकारी कागदाला माहीत असतो तो खातेदार. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला मोबदला. आता या खोऱ्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. सातबारा आजोबांच्या नावावर. थोरला मुलगा गावी नाचणी-भात करतो, मधला मुंबईत गिरणीत, धाकटा तिथेच माथाडी कामाला. महिन्याला मनीऑर्डर येते, गणपतीला आणि यात्रेला सगळे गावी येतात. हे एक कुटुंब की तीन? एका चुलीवर जेवणारं ते एक कुटुंब, असा जनगणनेचा हिशेब लावला तर मुंबईतले दोघं गळतात. खातं धरलं तर तिघांचे संसार मिळून एकच आकडा होतो. शिवाय ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही तो मजूर, माहेरी परतलेली विधवा बहीण, ही माणसं खातेदारांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. व्याख्या ठरवताना झालेली ही गळती पुढे कितीही काटेकोर बेरीज केली तरी भरून येत नाही. मला या साऱ्या शास्त्रातली सर्वांत मोठी जबाबदारी इथेच दिसते.

यावर मानववंशशास्त्रात एक जुना उपाय आहे, वंशावळ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १८९८च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत ही पद्धत घडवली. भारतातल्या नातेसंबंधांवर १९५३ मध्ये मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या इरावतीबाईंना तर नातीगोती वाचण्याची असामान्य हातोटी होती. वंशावळ घेणारा ‘घरात किती जण?’ असं विचारत नाही. आजोबांना मुलं किती? दुसरा कुठे असतो? त्याची बायको कुठल्या गावची? लेकी कुठे दिल्या? कागदावर पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा. तासाभरात, खात्यात एका ओळीत मावलेलं घर पानभर पसरतं, आणि लेकीचं सासर नदीपलीकडून उठून कुठल्या जिल्ह्यात गेलं तेही कळतं.

गाव उठल्यावर केलेल्या पाहणीला मात्र एक उणीव चिकटतेच. ‘तिथे किती पिकायचं?’ याचं उत्तर आठवणीतून येतं, आणि विचारणारा सरकारचा माणूस वाटला की ते बदलतंही. म्हणून तोंडी उत्तर तलाठ्याच्या दप्तराशी, जुन्या शाळेच्या रजिस्टराशी ताडून पाहतात. खरं तर गाव हलण्याआधीच नोंद व्हायला हवी. पण महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदाच १९७६चा. कोयनेची गावं तोवर कधीच उठली होती.

२०१८ मध्ये डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली श्रमिक मुक्ती दलाने कोयनानगरला ठिय्या दिला, तेव्हाही धरणग्रस्तांच्या याद्यांचं संकलन हा कळीचा मुद्दा होता. आजोबांच्या एका खात्याचे आज कित्येक वारस झाले आहेत. आपलं नातं सिद्ध करायला त्यांना वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं.

हजारो घरांपैकी नेमकी कुठली निवडून विचारायचं, ते पुढच्या आठवड्यात.