‘सिन्सिअरली’ म्हणजे काय हो?

‘मुलगा अगदी सिन्सिअरली काम करतो!’ लग्नाच्या बैठकीत हे वाक्य पडले की वधूपिता सुखावतो. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ वेळेवर येणे, मान खाली घालून राबणे, साहेबांना उलट न बोलणे. इंग्रजीत कष्टांसाठी ‘डिलिजंटली’ आहे. ‘सिन्सिअरली’ मनाविषयी बोलतो. मूळ लॅटिन ‘सिन्सेरस’ म्हणजे शुद्ध, बिनभेसळ.

बँकेतल्या गोपनीय अहवालांत हा शब्द मी सर्रास वाटलेला पाहिला. शेतकऱ्याला कर्जाचा कागद समजावून सांगणारा कारकून ‘सिन्सिअर’ आणि ‘उद्या या’ म्हणून त्याला पिटाळणारा, पण हजेरीला चोख असलेलाही ‘सिन्सिअर’! सगळ्यांना एकच शेरा मिळाला की खऱ्या माणसाची किंमत जाते.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका कुंभार. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, अशी कथा आहे. बाहेरून मडकी सारखीच दिसतात, पक्केपणा आवाजावरून कळतो.

माणसाचा हा आवाज साहेब रजेवर असताना ऐकावा. तेव्हाही काम तसेच होत असेल, तर खुशाल ‘सिन्सिअरली’ लिहावे. नाहीतर आपला ‘मनापासून’ आहेच; तो खोटा लिहिताना निदान हात तरी अडखळतो.