करवंदीची जाळी ओळखता येते का?

चैत्री पौर्णिमेला आपण जोतिबाला जातो, गुलाल अंगावर घेतो, दवण्याची जुडी पदरात बांधून परततो. पायऱ्यांच्या कडेच्या झुडपांकडे मात्र लक्ष जात नाही. मुलांचं जातं! सुट्टीत डोंगरावर गेली की दिसेल ते काळं फळ तोंडात. म्हणून सांगते, आईला करवंद ओळखता आलंच पाहिजे.

घोटाळा होतो तो घाणेरीशी. कुणी तिला टणटणी म्हणतात. ही मूळची अमेरिकेतली, इथं शोभेसाठी आणली आणि रानभर पसरली. तिचीही जाळी दाट, पानं समोरासमोर, फळं काळी. तिची हिरवी फळं विषारी असतात. मुलानं खाल्लीच तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक डॉक्टरांकडे न्या.

आता पान हातात घ्या. करवंदीचं पान जाड, गुळगुळीत, वरून चकचकीत, कडा सरळ. घाणेरीचं खरखरीत, कडेला दाते, आणि चुरगळलं की उग्र वास. फांदी पाहा: करवंदीचे काटे लांब, टणक, जोडीजोडीनं, काही काट्यांना टोकाशी दोन फाटे फुटलेले. घाणेरीची कोवळी फांदी चौकोनी, तिला बारीक वाकडे काटे. करवंदीचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. पण नुसत्या चिकावर जाऊ नका हं! रुईलाही चीक असतो, आणि तो डोळ्यात गेला तर भारी पडतं. पान, काटा, फूल तिन्ही जुळायला हवीत.

फूल तर विसरता येणार नाही असं. पांढरं, पाच पाकळ्यांचं, जुईच्या जातीचं वाटावं असं सुवासिक. घाणेरीच्या एकाच गुच्छात पिवळी, गुलाबी, केशरी फुलं दिसतात.

मे महिन्यात करवंदं काळी होतात. मग पोरं चावून बघतात, आत लाल निघालं तर कोंबडा, नाहीतर कोंबडी! हिरवी काढायची असतील तर हाताला आधी खोबरेल लावा, म्हणजे चीक चिकटत नाही. लोणचं त्यांचंच घाला. जेली करायची तर अर्धीकच्ची घ्या; अगदी पिकलेल्या फळांची नीट धरत नाही.