दुखणे वाकण्याचे की थांबण्याचे?

मोबाइलने मान दुखते ही ओरड गेल्या दहा-पंधरा वर्षांतली. मान खाली घालून पोट भरणे मात्र सोलापूरला नवे नाही. पूर्व भागात किंवा कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दुपारी कुठल्याही गल्लीत शिरा, दारात मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाया दिसतील. भिजवून कापलेले तेंदूचे पान, त्यात चिमूटभर तंबाखू, बोटांनी घट्ट गुंडाळी, दोऱ्याचा वेढा, की लगेच पुढचे पान. शहरात विड्या वळणाऱ्या बायकांची संख्या ६० हजारांहून अधिक सांगतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे सुपावरून नजर उचलली की तेवढी कमाई बुडाली. देशात ठिकठिकाणी झालेल्या विडी कामगारांच्या पाहण्यांत मान, खांदे आणि पाठ यांच्या तक्रारी पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत. याच शहरातली पुढची पिढी पुण्यात हिंजवडीला लॅपटॉपपुढे बसते आणि हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला परतताना वाटभर मोबाइलमध्ये डोके घालते. आईची आणि मुलाची मान एकाच कारणाने दुखते, असे मला वाटते. आपण दोष देतो तो मानेच्या वाकण्याला. खरा त्रास होतो तो एकाच ढबीत तासन्‌तास थांबल्याने आणि मध्ये उठायची मुभा नसल्याने.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल: मान वाकवली की तिच्यावर २७ किलोंचा भार येतो, हे चित्र तर दवाखान्याच्या भिंतीवरही लावलेले असते. हा आकडा आला कुठून ते पाहू. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकावर मानेचे एक प्रारूप तयार करून हिशेब मांडला. सरळ असताना साधारण पाच किलोंचे वाटणारे डोके ६० अंश झुकले की मानेवर २७ किलोंइतका ताण पडतो, असे त्यातून निघाले. हिशेब म्हणून तो ठीक आहे, पण त्यात एकही दुखणारा माणूस तपासलेला नव्हता. भार वाढला म्हणजे इजा झालीच, असेही होत नाही; तसे असते तर पोते उचलणारा प्रत्येक हमाल महिन्याभरात जायबंदी झाला असता. ब्राझीलमध्ये रिओ शहरातल्या १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांची २०१८ साली तपासणी झाली. मोबाइल पाहताना कोणाची मान किती वाकते हे फिजिओथेरपिस्टनी ठरवले आणि त्याचा मानदुखीशी ताळा घातला. जास्त वाकणाऱ्यांची मान जास्त दुखते, असे दिसले नाही. पोरे तरुण होती, दुखणे पुढे उपटेल, असे कोणी म्हणेल. ही शंका रास्त आहे. एका वेळच्या तपासणीवरून पुढच्या वीस वर्षांचे भाकीत करता येत नाही, त्यामुळे वाकणे अगदी निर्दोष आहे असा निकाल मीही देणार नाही. पण सगळा दोष त्याच्याच माथी मारण्याइतका पुरावा समोर नाही, एवढे नक्की.

वर्षानुवर्षे माणसांच्या मागावर राहून केलेला अभ्यास इथे जास्त उपयोगी पडतो. नेदरलँड्समध्ये ३४ कंपन्यांतल्या १,३३४ कामगारांवर तीन वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांच्या कामाचे चित्रण करून कोण किती वेळ बसतो आणि किती वाकतो हे मोजले, आणि २००१ साली निष्कर्ष छापले. कामाचा ९५ टक्क्यांहून अधिक वेळ बसून काढणाऱ्यांत मानदुखीचा धोका जवळपास दुप्पट निघाला. मान बराच वेळ २० अंशांहून जास्त वाकवणाऱ्यांतही धोका वाढल्यासारखा दिसला, पण तो पुरावा तितका ठाम नव्हता. बसून राहण्याने स्नायू का दुखावा, याचे एक स्पष्टीकरण स्वीडनचे संशोधक योरान हेग यांनी १९९१ साली सुचवले. हलक्या कामात स्नायूचे सगळे तंतू लागत नाहीत, थोडेसेच लागतात, आणि नेहमी तेच. काम सुरू होताच ते पहिल्यांदा कामाला लागतात आणि स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत सुटत नाहीत. सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर निजणाऱ्या सिंड्रेलाचे नाव त्यांनी या तंतूंना दिले. विडी वळणाऱ्या बाईला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. हा सिद्धांत अजून अनुमानच आहे, पण एक कोडे त्याने सुटते: माउस हलवणे किंवा पान गुंडाळणे यात जोर असा लागतच नाही, तरी संध्याकाळी खांदा दगडासारखा का होतो? जोर कमी असल्यामुळेच थांबावेसे वाटत नाही, आणि त्या थोड्या तंतूंना सुट्टी मिळत नाही.

म्हणून ‘ताठ बसा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. शाळेपासून आपल्या पाठीवर थाप मारून दिलेला हा उपदेश एका थांबलेल्या ढबीच्या जागी दुसरी थांबलेली ढब देतो. आठ तास ताठ बसणारा आठ तास पोक काढणाऱ्यापेक्षा सुखी असेलच असे नाही. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी, की-बोर्ड वेगळा घ्यावा, मोबाइल बघताना कोपर उशीवर किंवा टेबलावर टेकवून तो थोडा वर धरावा, हे सगळे जरूर करावे. त्याने एका दमात जास्त वेळ बसता येते. धोकाही नेमका तिथेच आहे. महागडी खुर्ची घेतलेला माणूस उठायचे विसरतो. अर्ध्या तासाने उठून पाणी पिणे, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालणे, विडी वळताना दर कट्ट्यानंतर, म्हणजे विड्यांच्या जुडीनंतर, हात वर ताणून खांदे फिरवणे, याला खर्च काही नाही.

खर्च नाही, असे लिहिणे लेखकाला सोपे आहे. हजार विड्यांमागे मजुरी मिळवणाऱ्या बाईला प्रत्येक मिनिटाची किंमत असते. सर्वांत वजनदार आक्षेप मला हाच वाटतो. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, मधल्या विश्रांतीची तरतूद केली. पण काम कारखान्यातून उठून घरी गेले आणि उंबऱ्याच्या आत घड्याळ लावायला कोणी आले नाही. आयटी कंपनीत तर घड्याळ असूनही रात्रीचे कॉल संपत नाहीत. तेव्हा मानदुखी हा निव्वळ आळशी माणसाचा दोष नाही. कामाची गती कोण ठरवते, याच्याशी तिचा संबंध आहे, आणि विश्रांतीचे पैसे मजुरीच्या दरातच धरले जावेत ही मागणी कामगार संघटनेइतकीच डॉक्टरांनीही करायला हवी. तोवर जे आपल्या हातात उरते ते मात्र वाटते त्यापेक्षा जास्त आहे. डेन्मार्कमध्ये मान आणि खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांवर झालेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. रबरी पट्ट्याचा ताण घेत दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे, एवढाच व्यायाम. काहींनी तो रोज १२ मिनिटे केला, काहींनी फक्त दोन मिनिटे. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचे दुखणे व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झाले होते. दोन मिनिटे सुपापुढेही निघतात. पट्टा नसेल तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांपासून सुरुवात करता येईल. बळकट स्नायू उशिरा थकतो, त्यात गूढ काही नाही.

दुखणे सुरू झालेच तर आपल्याकडे घाई होते ती फोटोची, म्हणजे एक्स-रे आणि एमआरआयची. अहवालात ‘मणक्यात गॅप’ किंवा ‘झीज’ लिहून आले की माणूस खचतो आणि मान हलवायलाच घाबरतो. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले: त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली चकती फुगलेली होती. वयानुसार केस पिकतात तशी चकतीही बदलते, आणि फोटोत दिसलेला बदल हाच दुखण्याचा धनी असेल असे गृहीत धरता येत नाही. साधी आखडलेली मान बहुधा काही आठवड्यांत सुटते. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, जमेल तेवढी हालचाल, गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी आणि पुरेशी झोप एवढे बहुतेकांना पुरते. गळ्याचा पट्टा महिनोन्‌महिने घालून बसल्याने स्नायू आणखी लुळे पडतात. सलूनमध्ये दाढीनंतर झटका देऊन मान ‘मोडून’ घेण्याची हौस तर सोडूनच द्यावी. अशा झटक्याने मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी फाटल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

काही लक्षणांत मात्र शेक आणि व्यायाम यांवर विसंबू नये. हाताला मुंग्या येऊन पकड ढिली होणे, शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, मानदुखीसोबत ताप किंवा वजन घटणे, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सोलापुरात वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सिव्हिल हॉस्पिटल त्यासाठीच आहे. तिथे केसपेपर काढताना दुखणे किती दिवसांचे आहे याबरोबर आपण रोज किती तास एका जागी बसतो, हेही डॉक्टरांना सांगा.