चाकाच्या फेऱ्यांचा हिशेब

सायकलच्या हँडलवर बसणारा, काडेपेटीएवढा वायरचा संगणक मुळात एकच काम करतो : चाकाच्या फेऱ्या मोजतो. स्पोकला बसवलेले चुंबक फोर्कवरील संवेदकासमोरून गेले, की आतील दोन पाती क्षणभर जुळतात. ती एक फेरी. तिला परिघाने गुणले की अंतर. परिघ चुकला, की हिशेब चुकला. माझ्या चाकाला २८ मिलिमीटरचा टायर. त्याचा परिघ सुमारे २१३६ मिलिमीटर. मी मात्र कोष्टकातील २३ मिलिमीटरचा, २०९६ हा आकडा भरला. शंभर किलोमीटरमागे जवळजवळ दोन किलोमीटर कमी भरत, आणि मी दोष देई रस्त्याकडेच्या दगडांना! सरकारी नोकराला हे शोभत नाही.

यंत्र मुकेच झाले, तर प्रथम चुंबक व संवेदक यांतील फट पाहावी. दोन-तीन मिलिमीटर पुरे. तरीही आकडा हलेना, तर यंत्र खोबणीतून काढून पाठीवरील दोन धातूच्या टिकल्या तारेच्या तुकड्याने भराभर जोडाव्या-सोडाव्या. वेग उमटला, तर यंत्र निर्दोष. खोट वायरीत किंवा संवेदकात. वायर बहुधा हँडल वळते तेथे, ताणून बांधल्यामुळे, आतून तुटते. नवी बसवताना तेथे बोटभर सैल सोडावी.